शिकाऊंचं विमान आणि सेनापतीचं टपाल

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धावरचा एक जुना माहितीपट पाहत होतो. काळ 1943-44चा. बर्फाळ माळावर एक सोव्हिएत सेनाधिकारी विमानातून उतरतो. विमान दुपंखी, लाकडाचं वाटावं असं, पहिल्या महायुद्धातून मागं राहून गेल्यासारखं. त्याच सुमारास त्याच देशाची लढाऊ विमानं ताशी सहाशे किलोमीटरनं उडत होती. मग बडे अधिकारी असल्या खटाऱ्यातून का फिरत? आणि वायरलेस, टेलिफोन असताना निरोपासाठी विमान कशाला लागावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिलेलं विमान बहुधा पोलिकार्पोव्ह पो-2. बर्फ, सोव्हिएत अधिकारी आणि दुपंखी विमान ही तिन्ही एकाच चौकटीत दिसली, तर दुसरं नाव सुचणं कठीण. लाकडाचं वाटलं म्हणता, ते लाकडाचंच होतं. लाकडी सांगाडा, थोडं प्लायवूड, वरून ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर लेप. पहिल्या महायुद्धातलं मात्र नव्हे. त्याचं पहिलं यशस्वी उड्डाण 7 जानेवारी 1928 रोजी झालं. वैमानिक होता मिखाईल ग्रोमोव्ह. खटारा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण हा खटारा वीस हजारांहून जास्त संख्येनं बनला आणि स्टालिन गेला त्या वर्षापर्यंत म्हणजे 1953च्या सुमारापर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिला.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

टेलिफोन होता, पण तारेचा. ती तार जमिनीवरून, झाडाझुडपांवरून ओढलेली असायची. तोफांचा एक मारा झाला की ती पाच-पन्नास ठिकाणी तुटायची. आपलाच रणगाडा वरून गेला तरी तुटायची. तारेचं रीळ पाठीवर घेतलेले शिपाई रात्ररात्र अंधारात चाचपडत तुटकी टोकं शोधायचे आणि गाठी मारत फिरायचे. वायरलेसचं म्हणाल तर युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत सोव्हिएत सैन्याकडे संचच अपुरे होते. जे होते त्यांवर बोललेलं शत्रूलाही ऐकू जायचं. म्हणून मजकूर आधी सांकेतिक करायचा आणि तिकडच्यांनी तो उलगडायचा. यात वेळ जायचा तो जायचाच. शिवाय नकाशा टेलिफोनवरून सांगता येत नाही. कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगानं कोणती डिव्हिजन कधी सरकणार, हे रंगीत पेन्सिलीनं काढलेल्या बाणांतच नीट कळतं. तो नकाशा, सहीचा आदेश आणि तो समजावून सांगणारा, उलट प्रश्नांना उत्तरं देणारा अधिकारी, हे सगळं वेळेत पोचवायचं तर माणूसच धाडावा लागे.

मग मोटार का नाही? आघाडी दोन हजार किलोमीटरहून लांब आणि रस्ते बहुतेक मातीचे. शरदात पाऊस, वसंतात बर्फ वितळून झालेलं पाणी. वर्षातून दोनदा तो सगळा मुलूख राड होऊन जायचा. त्या चिखलानं जर्मन सैन्याचं काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे; सोव्हिएत ट्रकही त्याच चिखलात रुतत होते, एवढं मात्र आपण विसरतो. मोटारीला जिथं अख्खा दिवस लागायचा, तिथं ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरनं जाणारं विमान तासाभरात पोचायचं. सहाशेचा वेग या कामाला नकोच होता. हवं होतं ते मुख्यालयाच्या दारात उतरणारं विमान. लढाऊ विमानाला चांगली धावपट्टी लागते, ती असते मुख्यालयापासून कोसभर लांब, आणि तिथून पुढं पुन्हा चिखल आहेच.

ही गोष्ट सगळ्याच सैन्यांच्या लक्षात आली होती. जर्मनांनी या कामासाठी मुद्दाम विमान बनवून घेतलं. त्याचं नाव फीझलर श्टोर्ख आणि ते 1936 साली पहिल्यांदा उडालं. लांबच लांब पाय, पंखाच्या पुढच्या कडेला फट, बाजूंना फुगीर काचा. समोरून वारा असला तर थोडक्या पावलांत हवेत जायचं. अमेरिकनांनी हौशी वैमानिकांच्या पायपर कबला लष्करी रंग दिला, ब्रिटिशांनी ऑस्टर वापरलं. सोव्हिएत संघालाही मुद्दाम बनवलेलंच विमान हवं होतं. ओलेग आंतोनोव्ह यांनी 1940च्या सुमारास श्टोर्खची सोव्हिएत आवृत्ती तयार केली. होय, तेच आंतोनोव्ह. त्यांच्या संस्थेची एएन-12 आणि एएन-32 पुढं आपल्या हवाई दलात आली. उत्पादनासाठी जागा ठरली लिथुएनियातल्या कौनास शहरातला कारखाना. 22 जून 1941 रोजी जर्मन सैन्य सीमा ओलांडून आत आलं आणि दोन-तीन दिवसांत कौनास पडलं. संपर्क विमानाची योजना कारखान्यासकट गेली.

उरली ती उड्डाणशाळांमधली आणि गावोगावच्या हौशी विमान क्लबांमधली हजारो सराव विमानं. सैन्यानं तीच उचलली. म्हणजे ज्याला तुम्ही खटारा म्हणता ते सेनापतीच्या दिमतीला आलं ते नाइलाजानं. आणि माझं स्पष्ट मत असं की तो नाइलाज पथ्यावर पडला. मुद्दाम बनवलेलं विमान मिळालं असतं, तर इतक्या संख्येनं आणि इतक्या आडवळणाच्या जागी ते पोचलं नसतं.

का, ते समजायला या विमानाच्या जन्माकडे जावं लागेल. निकोलाय पोलिकार्पोव्ह यांनी ते निव्वळ शिकाऊंसाठी आखलं होतं. तेव्हा त्याचं नाव ऊ-2. (1960 साली सोव्हिएत हद्दीत पाडलेलं अमेरिकन हेरविमान यू-2 वेगळं, साम्य नावापुरतंच.) पहिला नमुना 1927चा, आणि तो चांगलाच फसला. काटकसरीचा अतिरेक झाला होता. चारही पंख अगदी सारखे, चौकोनी टोकांचे, म्हणजे कुठलाही पंख कुठंही बसावा. शेपटीचे आणि पंखांचे हलते भागही एकमेकांच्या जागी चालावेत. सुट्या भागांच्या कोठारवाल्याला हे स्वर्गसुख, पण विमान जड झालं आणि धड वर चढेना. पोलिकार्पोव्ह यांनी ते मोडीत काढून नव्यानं आखलं, पंखांना गोलसर टोकं दिली, वजन कमी केलं. ग्रोमोव्हनं उडवलं ते हे दुसरं. इंजिन अर्काडी श्वेत्सोव्ह यांचं एम-11, पाच सिलिंडरांचं, हवेनं थंड होणारं, शंभर अश्वशक्तीचं.

पोलिकार्पोव्ह यांच्याबद्दल दोन वाक्यं इथंच सांगतो, नाहीतर राहून जातील. 1929च्या ऑक्टोबरात त्यांना अटक झाली, मृत्युदंड फर्मावला गेला, मग विचार बदलला आणि त्यांना तुरुंगातच ड्रॉइंग बोर्डापुढं बसवून लढाऊ विमान आखून घेतलं गेलं. सुटल्यावर त्यांची आय-15 आणि आय-16 ही लढाऊ विमानं गाजली, पुढं मागं पडली. 30 जुलै 1944 रोजी ते गेले. त्यांच्या सन्मानार्थ ऊ-2ला पो-2 हे नाव मिळालं ते त्यानंतर. आपण सोयीसाठी सगळीकडे पो-2च म्हणू.

आता मुख्य मुद्दा. शिकाऊ चुकणार, हे सराव विमान आखणाऱ्याला पहिल्या दिवसापासून धरून चालावं लागतं. तो जोरात आपटून उतरणार, म्हणून पाय भक्कम हवेत. तो वेग फार कमी करून बसणार, म्हणून विमान सावकाश उडतानाही हाताबाहेर जाता कामा नये. तो गोंधळून स्टिक सोडून देणार, तेव्हा विमानानं आपलं आपण सावरायला हवं. पो-2 हे सगळं करायचं. उतरताना त्याचा वेग असायचा ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. कापणी झालेलं शेत, गावाबाहेरचं कुरण, गोठलेली नदी, काहीही चालायचं. हिवाळ्यात चाकं काढून खाली स्की लावायच्या. बिघडलं तर? क्लबात शिकलेला कुठलाही मेकॅनिक ते खोलून जोडू शकायचा, कारण त्याच्याच हाताखाली ते वर्षानुवर्षं शिकाऊंनी मोडलेलं असायचं. कापडाला गोळीनं भोक पडलं तर ठिगळ लावून वर लेप द्यायचा. सांगाड्याची पट्टी तुटली तर सुतारकाम. युद्धात अॅल्युमिनियमचा तुटवडा होता, लाकडाचा नव्हता.

शिकाऊंच्या चुका सोसण्यासाठी दिलेले हे सगळे गुण निरोप्याच्या कामाला जसेच्या तसे लागू पडले. निरोप्याही रात्री, धुक्यात, न पाहिलेल्या जागी उतरतो, दमलेला असतो, चुकतो. आणखी एक आयती सोय होती. सराव विमानाला दोन बैठका असतात, एक विद्यार्थ्यासाठी, एक शिक्षकासाठी, आणि बोलायला रबरी नळी. दुसऱ्या बैठकीवर अधिकारी बसला, मांडीवर कागदपत्रांची बॅग. झालं संपर्क विमान तयार. प्रत्येक मोठ्या आघाडीकडे अशा विमानांची स्वतंत्र रेजिमेंट असायची. जिथं उतरणं अशक्य तिथं वजन भरलेली डबी खाली टाकायची, तिला लांब रंगीत फीत बांधलेली, म्हणजे गवतात पडली तरी शिपायाला दिसावी. जर्मन फळीच्या मागं जंगलात लढणाऱ्या गनिमी तुकड्यांकडे ही विमानं रात्री जायची आणि आधी ठरलेल्या आकृतीत पेटवलेल्या शेकोट्या पाहून उतरायची. 1944च्या सप्टेंबरात वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव करणाऱ्यांनाही पो-2मधूनच रसद टाकली गेली, पॅराशूटशिवाय, घरांच्या छपरांवरून जाताजाता. त्यातलं बरंचसं सामान आपटून निकामी झालं, हेही सांगायला हवं.

या कामातली जोखीम किती, ते आन्ना येगोरोवा यांच्या आयुष्यावरून कळतं. मॉस्कोची भुयारी रेल्वे खणणाऱ्या कामगारांत ही मुलगी होती. कामगारांच्याच विमान क्लबात ती उडायला शिकली. युद्ध सुरू झाल्यावर दक्षिण आघाडीच्या संपर्क तुकडीत तिला पो-2 मिळालं. विमानात शस्त्र नाही, वैमानिकाकडे कमरेचं पिस्तूल तेवढं. 1942 साली गुप्त आदेश घेऊन जाताना मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानानं तिला गाठलं. विमान पेटलं. तिनं ते पेटतं विमान कसंबसं जमिनीवर आणलं, बाहेर उडी मारून पळाली, वरून गोळ्या चालूच होत्या. कागद तिनं शेवटी पोचवले. पुढं ती इल-2 या चिलखती हल्ला विमानाची वैमानिक झाली, 1944 मध्ये वॉर्साजवळ पाडली गेली, भाजलेल्या अवस्थेत जर्मनांच्या कैदेत पडली आणि वाचली. सोव्हिएत संघाचा वीर हा किताब तिला मिळाला तो थेट 1965 साली. रात्री बॉम्ब टाकणाऱ्या पो-2च्या मुलींवर पुस्तकांमागून पुस्तकं आली. टपाल नेणाऱ्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही. आघाडीवरचं रोजचं काम मात्र त्यांच्या जिवावर चालत होतं.

तुमच्या माहितीपटातला अधिकारी बंद केबिनचं दार उघडून उतरला, की उघड्या खोबणीतून पाय बाहेर काढून? हे एकदा पुन्हा पाहा. कारण 1943मध्ये पो-2ची खास मुख्यालयांसाठी आवृत्ती निघाली. तोवर हिवाळ्यात उघड्या कॉकपिटमधला प्रवास म्हणजे शिक्षाच होती. शून्याखाली वीस-पंचवीस अंश, वर इंजिनाच्या पंख्याचा वारा. मेंढीच्या कातड्याचा कोट, लोकरी नमद्याचे बूट, तोंडाला पट्ट्या, इतकं करूनही तासाभरानं उतरलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागायचा. नव्या आवृत्तीत पंख, शेपूट, इंजिन तेच ठेवून विमानाचं धड तेवढं रुंद केलं आणि वर बंद केबिन बसवली. वैमानिक धरून तीन-चार माणसं आत मावू लागली. अधिकाऱ्याला मांडीवर नकाशा उघडता आला आणि शेजाऱ्याशी बोलता आलं. वेगात काडीचा फरक पडला नाही, कुणी मागितलाही नव्हता.

हे विमान म्हणजे त्या आघाडीवरची एस.टी.ची लाल गाडी होती. दिसायला बेताची, आवाजाला मोठी, आणि जिथं दुसरं काही पोचत नाही तिथं पोचणारी.

प्रश्न : त्या काळी एकपंखी विमानं आली होती. मग पो-2ला दोन पंख कशासाठी? निव्वळ जुनी पद्धत म्हणून?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : पद्धतीचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनावर सावकाश उडायचं, तर पंखाचं क्षेत्रफळ भरपूर हवं. पो-2च्या दोन्ही मजल्यांचं मिळून ते 33 चौरस मीटर भरायचं. सराव आवृत्तीचं भरलेलं वजन 890 किलोच्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरवर जेमतेम 27 किलो. मेसरश्मिट 109च्या नंतरच्या आवृत्त्यांत हाच आकडा दोनशेच्या घरात जातो. पंखावर भार कमी, म्हणून उतरण्याचा वेग कमी, म्हणून कुरण पुरतं. संपर्क विमानाचं सगळं गणित या एका भागाकारात आहे.

आता एवढं क्षेत्रफळ एकाच पंखात दिलं असतं तर? पंख फार लांब झाला असता, आणि लांब पंख मुळाशी वाकू नये म्हणून आतले वासे जाड करावे लागले असते. वजन वाढलं असतं. दोन आखूड पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब उभे केले आणि तिरक्या तारा ताणल्या, की हलक्या लाकडातही कडक चौकट तयार होते. पो-2च्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी त्यामुळं 11.4 मीटरवर भागली. याची किंमतही होती. ते खांब आणि त्या तारा हवेला अडतात, आणि वेग ताशी दीडशेच्या पुढं जात नाही. वेगवान विमानाच्या आखणीत ही मोठी खोट. इथं नाही, कारण मुळात दीडशेच्या वर जायचंच नव्हतं.

प्रश्न : इतकं सावकाश उडणारं, बिनशस्त्र विमान शत्रूच्या लढाऊ विमानांना आयतंच सावज नव्हतं का? उलट ते पाडणं कठीण होतं असं वाचलं. खरं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही खरं, वेळेवर अवलंबून. दिवसाढवळ्या उघड्यावर सापडलं तर वाचणं मुश्कील. येगोरोवांचं काय झालं ते वर आलंच आहे. पण लढाऊ वैमानिकाचीही अडचण होती. पो-2चा सर्वांत जास्त वेग साधारण तेवढाच होता, ज्या वेगाखाली मेसरश्मिट हवेत तरंगूच शकत नाही. त्यामुळं त्याला पाठीमागं चिकटून नेम धरायला सवडच मिळायची नाही. सपाट्यानं येऊन, दोन-तीन सेकंद गोळ्या झाडून पुढं निघून जावं लागे, आणि मग मोठा वळसा घालून परत. तेवढ्यात पो-2चा वैमानिक झाडांच्या शेंड्यांखाली, ओढ्याच्या घळीत, नाहीतर चक्क शेतात उतरलेला असायचा. संपर्काच्या वैमानिकांचा नियमच होता, जमिनीला चिकटून जायचं. वरून पाहणाऱ्याला हिरवं विमान हिरव्या रानावर लवकर दिसत नाही.

रात्री तर पारडं उलटच फिरायचं. मारिना रास्कोवा यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली 588वी रात्र-बॉम्बर रेजिमेंट पो-2च उडवत होती. वैमानिकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या स्त्रिया आणि प्रमुख येवदोकिया बेर्शान्स्काया. 1942च्या जूनपासून लढाई संपेपर्यंत त्यांनी तेवीस हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या. जर्मन त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून इथं लांबण लावत नाही.

कोरियन युद्धातला किस्सा मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. 1951च्या जूनमध्ये उत्तर कोरियाच्या पो-2 विमानांनी रात्री सुवॉनच्या तळावर बॉम्ब टाकले आणि उभी असलेली एफ-86 सेबर जातीची अमेरिकन जेट विमानं त्यात सापडली. कमी उंची, कमी वेग, अंगात धातू थोडा, त्यामुळं रडारवर ही विमानं धड दिसत नसत. त्यांना गाठण्यासाठी एफ-94 या रात्रीच्या जेट लढाऊ विमानानं 1953मध्ये आपला वेग इतका उतरवला, की ते स्वतःच हवेतून कोसळलं. काही जण हे पो-2च्या खात्यावर घालतात. मला ते पटत नाही. गोळी न लागता पडलेलं विमान ही त्याच्या वैमानिकाच्या वेगाची चूक. दुपंखीचा पराक्रम कशाला म्हणायचा?

प्रश्न : या विमानातून जखमींनाही नेत असत म्हणे. दोन माणसांच्या विमानात स्ट्रेचर ठेवत कुठं? आणि आपल्याकडे असं काही होतं का?
— एक निवृत्त परिचारिका, नागपूर

उत्तर : वैमानिकाच्या मागच्या भागात. तिथलं वरचं आवरण झाकणासारखं उघडायचं, स्ट्रेचर आत सरकवायचं आणि झाकण लावायचं. ही रुग्णवाहू आवृत्ती युद्धाच्या कितीतरी आधी बनली होती, दूरच्या खेड्यांतल्या रोग्यांसाठी. युद्धात एका वेळी एक जखमी पुरेना. मग खालच्या पंखावर, दोन्ही बाजूंना एकेक, अशा लांबट बंद पेट्या बसवण्याची युक्ती निघाली. प्रत्येक पेटीत आडवा झोपलेला एक माणूस. बाकशायेव्ह आणि शेर्बाकोव्ह या दोघांनी अशा पेट्यांचे वेगवेगळे नमुने केले. इंजिन बाहेर धडधडतंय, वारा घोंगावतोय आणि आपण पंखावरच्या बंद खोक्यात. शुद्धीवर असलेल्या जखमीला काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. पण चिखलाच्या रस्त्यावर ट्रकमध्ये दिवसभर हादरे खाण्यापेक्षा ते बरं. पोटाला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत किती तासांत पोचतो, यावर सगळं ठरायचं.

आपल्याकडचं उदाहरण आहे, आणि ते याच जातीचं आहे. ब्रिटिशांचं टायगर मॉथ हे दुपंखी सराव विमान 1931मध्ये पहिल्यांदा उडालं. भारतातल्या वैमानिकांच्या पिढ्या पुढं त्यावरच शिकल्या. बर्माच्या आघाडीवर त्यांपैकी काही विमानांचा मागचा भाग कापून त्याला बिजागरीचं झाकण बसवलं आणि आत एक जखमी आडवा झोपेल अशी सोय केली. जागा इतकी अरुंद, की उंच माणसाची पंचाईतच व्हायची. मणिपूर आणि बर्माच्या त्या जंगलात मराठा पलटणीही लढल्या, सांगशाकच्या लढाईत तर मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन होतीच. तिथं रस्ता म्हणजे डोंगरातली पायवाट, आणि जखमीला डोलीतून न्यायचं तर चार-चार दिवस. रशियातला चिखल आणि बर्मातलं जंगल यांत काही साम्य नाही, पण दोन्हीकडे उपाय एकच सापडला. शिकाऊंचं विमान घ्या आणि शेपटीकडं झाकण बसवा.

प्रश्न : हे विमान आज कुठं पाहायला मिळेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मॉस्कोजवळ मोनिनो इथं हवाई दलाचं मोठं संग्रहालय आहे, तिथं पो-2 ठेवलेलं आहे. पण तिथलं विमान जमिनीवरच. उडताना पाहायचं असेल तर इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डन या गावी शटलवर्थ संग्रह आहे, त्यांच्याकडे चालू स्थितीतलं पो-2 आहे. उन्हाळ्यात तिथं जुन्या विमानांची प्रात्यक्षिकं होतात. मुलगा, मुलगी, पुतण्या लंडनकडे असेल आणि तुमचं जाणं होणार असेल, तर तारखा आधी पाहून ठेवा आणि वाऱ्याचीही चौकशी करा. एवढं हलकं दुपंखी विमान सोसाट्याच्या वाऱ्यात कुणी बाहेर काढत नाही.